मनाचे आजार: किती दिवस, आणि काय अडतंय?

मेघना_पार्ले

हल्ली कुणी दोन दिवस गप्प बसलं की डिप्रेशन, कपाट नीट लावलं की ओसीडी, सकाळी हसून संध्याकाळी चिडलं की बायपोलर. उलट सहा-सहा महिने धड न झोपलेला माणूस मात्र 'जरा टेन्शन आहे' एवढंच सांगून लोकलमध्ये चढतो. लक्षणांच्या याद्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. लक्षण किती काळ टिकलंय आणि त्यामुळे रोजच्या जगण्यातलं काय अडलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. डॉक्टर निदान करतात ते या तिन्हींवरून.

नैराश्यात नऊपैकी किमान पाच लक्षणं, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ असावी लागतात. उदासी, कशातच गोडी न वाटणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, एकाग्रता जाणं, अपराधी वाटणं, मरणाचे विचार. पाचांत पहिल्या दोनांपैकी एक हवंच. सततच्या चिंतेचा आजार म्हणायला सहा महिने. ओसीडीत नको असलेले विचार आणि पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृती मिळून दिवसाचा तासभर किंवा जास्त जातो, किंवा त्यापायी कामंच ठप्प होतात. बायपोलरमधला चढता टप्पा, मेनिया, म्हणजे किमान आठवडाभर चढलेला मूड आणि कमी झोपूनही भरपूर ताकद. त्याचंच सौम्य रूप चार दिवसांपासून धरतात. आघातानंतरचा ताणाचा आजार, पीटीएसडी, महिना उलटल्यावर. स्किझोफ्रेनियासाठी (भ्रम, भास असलेला आजार) अमेरिकन पद्धत सहा महिन्यांचा एकूण काळ बघते, जागतिक आरोग्य संघटनेची एक महिन्याचा.

मुंबईत सुरुवात कुठून करावी, औषधांचं काय, चुकतं कुठे, हे जाणकारांनी इथे लिहावं. वैयक्तिक अनुभवांसाठी वेगळा धागा आहे, इथे फक्त माहिती ठेवू या.

गिरणगाव

सुरुवातीचा मुद्दा पटला. एक भर. नाव ठरण्याआधी शरीर तपासून घ्यायला हवं. थायरॉइड मंदावलं की थकवा, वजन, उदासी, मंदपणा असं सगळं नैराश्यासारखंच दिसतं. वाढलं की धडधड आणि घबराट. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास असते, तिने विसराळूपणा आणि चिडचिड होते. म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर या तपासण्या पहिल्या भेटीआधी फॅमिली डॉक्टरांकडून झालेल्या असल्या तर एक फेरी वाचते. स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर तेही सांगावं, तिनेही मूड वरखाली होतो.

शीव_माटुंगा

कुठे जावं याबद्दल. महापालिकेच्या केईएम, नायर, शीव आणि कूपर रुग्णालयांत, तसंच सरकारी जेजेमध्ये मानसोपचार विभाग आहेत. ओपीडी सकाळची असते, केसपेपरची रांग लवकर लागते. नव्या रुग्णाची पहिली माहिती बहुतेक वेळा निवासी डॉक्टर घेतात आणि त्यात बराच वेळ जातो. तो वेळ फुकट गेला असं समजू नका, निदान त्यातूनच होतं. पुढच्या भेटी छोट्या असतात. सोबत एक घरचं माणूस न्या. झोप, बोलणं, खर्च यांतला बदल रुग्णाला स्वतःला दिसत नाही, घरच्यांना दिसतो.

आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली संस्था १९९० पासून काम करते आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. नावाला बिचकून लोक तिथल्या ओपीडीतही जात नाहीत. ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे.

इंद्रधनू

सायकिॲट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर हा घोळ आधी सोडवू या. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीपीएम किंवा डीएनबी केलेला डॉक्टर, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद असलेला. औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्या नोंदणीचा सीआरआर क्रमांक विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. काउन्सेलर या शब्दाला मात्र आपल्याकडे काही कुंपण नाही. उत्तम प्रशिक्षित माणसंही ते नाव लावतात आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलीही लावतात. शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, कुठली थेरपी करता, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. चांगल्या थेरपिस्टला त्याचा राग येत नाही.

नर्मदेतला_गोटा

माझं मत, आधी काउन्सेलरकडेच जावं. सायकिॲट्रिस्टकडे गेलं की पाच मिनिटांत गोळी हातात पडते आणि मग ती सुटत नाही.

औषधपेढी

गोटा, तुमच्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोळ्या एकत्र झाल्यात. सगळा गैरसमज तिथूनच होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

चिठ्ठीवर बहुधा दोन नावं असतात. एक एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखं नैराश्यविरोधी औषध, दुसरं क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम. दुसरं अर्ध्या-एक तासात शांत करतं. पहिलं दोन ते चार आठवडे काही करत नाही असंच वाटतं. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, डोकं जड, काहींना घबराट थोडी वाढलेली. मग माणूस ठरवतो की दुसरी गोळी चांगली आणि पहिली वाईट, आणि नेमकं उलटं करतो. पहिली बंद, दुसरी वर्षभर.

सवय लागते ती दुसरीची. ती साधारण दोन ते चार आठवड्यांची कुबडी म्हणून दिलेली असते, पहिलीचा असर सुरू होईपर्यंत. महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवली तर झोप उडते, हात कापतात, काहींना फिट येते. म्हणून ती दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत, डॉक्टरांच्या हिशेबानेच सोडायची. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये आहे, दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहावं लागतं. ओळखीवर स्ट्रिप देणारा दुकानदार तुमचं भलं करत नसतो.

पहिलीची नशा नाही, तिची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण तीही एकदम तोडायची नाही. चक्कर, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत हे जास्त, फ्लुऑक्सेटिन शरीरात बराच काळ रेंगाळतं म्हणून त्यात कमी. सुरुवात अनेकदा एस्सिटॅलोप्राम ५ मिलिग्रॅमने करून आठवड्याभरात १० वर नेतात, जेवणानंतर घेतलं की मळमळ कमी होते. पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे होऊन काहीच फरक नसेल तर औषध किंवा डोस बदलायचा विचार होतो. बरं वाटल्यावर पुढे किमान सहा महिने चालू ठेवतात. नैराश्य पुन्हा पुन्हा आलेलं असेल तर दोन वर्षं किंवा अधिक. 'आता बरं वाटतंय' म्हणून तिसऱ्या महिन्यात थांबवणं हे परत आजारी पडण्याचं फार मोठं कारण आहे.

मेघना_पार्ले

औषधपेढी, हा प्रतिसाद वर चिकटवायला हवा.

तारांगण

गोटा यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. सौम्य नैराश्य आणि चिंता यांत थेरपीने सुरुवात करणं पूर्णपणे योग्य आहे. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी, साधारण १२ ते २० बैठका, दर आठवड्याला पाऊण ते एक तास आणि मध्ये गृहपाठ. गृहपाठ नसेल तर ती सीबीटी नव्हे. पण आवाज ऐकू येणं, मेनिया, खाणं-पिणं सुटलेलं तीव्र नैराश्य, मरणाचे विचार, यांत आधी डॉक्टर. तिथे आठवड्याला एक तासाच्या गप्पांवर थांबणं धोक्याचं आहे.

जुनी_पानं

थोडं अवांतर, पण मुंबईचं आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातून निघालेलं रेसरपिन १९५४ च्या सुमारास अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी वापरलं गेलं. मग दिसलं की रेसरपिन घेणाऱ्या काहीजणांना नैराश्य येतं. ते मेंदूतले सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिनसारखे पदार्थ रिकामे करतं. उलट क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिडने रुग्णांचा मूड चढलेला दिसला. 'मेंदूतलं रसायन कमी म्हणजे नैराश्य' ही कल्पना या दोन निरीक्षणांवर उभी राहिली.

औषधपेढी

छान माहिती. आणि ती कल्पना अपुरी आहे हेही सांगायला हवं. सेरोटोनिनची पातळी औषधाने काही तासांत बदलते, माणूस बरा व्हायला आठवडे लागतात. म्हणजे मधे बरंच काही घडतं. औषध उपयोगी आहे हे चाचण्यांतून दिसतं, फक्त 'अमुक कमी होतं, ते भरून काढलं' इतकं ते सरळ नाही. रक्तातलं सेरोटोनिन मोजून नैराश्याचं निदान होत नाही. कुणी तशी तपासणी विकत असेल तर घेऊ नका.

घाटकोपर_पूर्व

पॅनिक अटॅकबद्दल कुणीतरी लिहा. गर्दीच्या गाडीत हा त्रास होणारे खूप आहेत आणि सगळे गुपचूप धीम्या गाडीने जातात.

तारांगण

लिहिते. अटॅक काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. धडधड, श्वास अपुरा, हातापायांना मुंग्या, चक्कर, आता मरणार किंवा वेड लागणार अशी खात्री. मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो म्हणून. पहिल्या वेळी ईसीजी काढायचाच, विशेषतः चाळिशीपुढे किंवा मधुमेह असेल तर. पॅनिक आहे हे घरी बसून ठरवू नये. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही करू नका. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो अंगाशी येतो.

एक अटॅक म्हणजे आजार नव्हे. 'पुन्हा येईल' या धास्तीत महिनाभर जाणं, त्यापायी वाटा बदलणं, हा आजार. धीमी गाडी का, तर दर दोन-तीन मिनिटांनी उतरता येतं. मग धीमीही नको होते, मग रिक्षा, मग नोकरीच घराजवळची.

उपचार या साखळीच्या उलट दिशेने जातो, त्याला एक्स्पोजर म्हणतात. ठाणे-दादरचं उदाहरण घेऊ. आधी दुपारी फलाटावर वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग रिकाम्या धीम्या गाडीने ठाणे ते मुलुंड. मग धीमीनेच घाटकोपर. मग दुपारची जलद, ठाण्याहून थेट घाटकोपर. मग दादर. गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरी एकदा करून चालत नाही, कंटाळा येईपर्यंत करायची. नियम एकच, भीती चढत असताना उतरायचं नाही. चढत्या भीतीत उतरलं की मेंदू शिकतो, 'उतरलो म्हणून वाचलो.'

इथे चुकतं ते 'सुरक्षेच्या' सवयींमुळे. खिशात अल्प्राझोलामची स्ट्रिप, हातात पाण्याची बाटली, सतत फोनवर कुणीतरी, दाराशी उभं राहणं. या असताना दहा वेळा दादर गाठलं तरी श्रेय बाटलीला जातं. एकेक करून त्या सोडायच्या, आणि दारातून तर आधी आत यायचं. सोबत घरी, थेरपिस्टने सांगितल्यावर, जागच्या जागी धावणं, खुर्चीत गरगर फिरणं, बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घेणं. म्हणजे धडधड आणि चक्कर यांचीच भीती मोडते. दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

घाटकोपर_पूर्व

घाटकोपरला लोक ढकलूनच उतरवतात, ते एक्स्पोजरमध्ये धरायचं का?

तारांगण

शेवटच्या पायरीत नक्की धरायचं :) खरंच, ते ढकलणंही आधीपासून यादीत लिहिलेलं असलं की त्याचा धक्का कमी बसतो.

गिरणगाव

हीच रीत ओसीडीतही लागू पडते. हात धुण्याची ऊर्मी आली की न धुता थांबायचं, अस्वस्थपणा आपोआप उतरू द्यायचा. घरच्यांची एक चूक: 'गॅस बंद केलास ना?' याला दहा वेळा 'हो' म्हणणं. ते उत्तर हाही विधीचाच भाग होतो. थेरपिस्टबरोबर ठरवून एकदाच उत्तर द्यायचं. औषधाचा डोस ओसीडीत नैराश्यापेक्षा अनेकदा जास्त लागतो आणि असर दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. 'महिना झाला, उपयोग नाही' हे इथे फार लवकर होतं.

इंद्रधनू

बायपोलरबद्दल मला फार तळमळीने लिहावंसं वाटतं, कारण इथे चुकीचं औषध आजार वाढवू शकतं. रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुधा नैराश्यात. मेनियात त्याला छान वाटत असतं, मग तो कशाला येईल? डॉक्टरांनी विचारलं नाही आणि घरच्यांनी सांगितलं नाही, तर नुसतं नैराश्यविरोधी औषध सुरू होतं आणि काहींचा मूड उसळतो. म्हणून पहिल्या भेटीत आपण होऊन सांगा: आयुष्यात कधी सलग काही दिवस तीन-चार तास झोपूनही थकवा नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, कर्ज काढून खरेदी झाली, असं घडलं होतं का? घरात कुणाला?

लिथियम हे अजूनही उत्तम औषधांपैकी एक आहे, पण त्याला शिस्त लागते. रक्ताचा नमुना रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता द्यायचा. गोळी घेऊन गेलात तर आकडा खोटा वाढलेला येतो. डोस बदलल्यावर साधारण आठवड्याने तपासतात. देखभालीत पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. दर सहा महिन्यांनी किडनीसाठी क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियम.

मुंबईत दोन ऋतू जपायचे. ऑक्टोबरचा उकाडा आणि पावसाळ्यातले जुलाब-उलट्या. अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की लिथियमची पातळी चढते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलणं जड होणं, उलट्या, गुंगी दिसली तर सकाळची वाट न बघता रुग्णालय. साध्या जुलाबातही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पुढची गोळी घ्यायची की थांबवायची ते विचारा. अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, त्यांनीही पातळी वाढते, पॅरासिटामॉल चालतं. दुकानात 'अंगदुखीची द्या' म्हटलं की नेमकं आयबुप्रोफेन असलेलंच मिळतं, म्हणून लिथियम चालू असल्याचं तिथे सांगायचं. आणि मुलगी किंवा तरुण स्त्री असेल तर व्हॅल्प्रोएट या बायपोलरच्याच दुसऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला, गर्भाला त्याचा गंभीर धोका आहे.

नर्मदेतला_गोटा

दोन गोळ्यांमधला फरक कळला, आभार. आता कठीण प्रश्न. स्किझोफ्रेनियात माणूस 'मला काही झालंच नाही' म्हणतो. अशा वेळी डाळीत औषधाचे थेंब मिसळून देण्याशिवाय घरच्यांकडे उपाय काय?

शीव_माटुंगा

घरच्यांची अगतिकता कळते, तरी माझा विरोध आहे. एक, कळलं की जेवणावरचा विश्वास जातो, आणि 'मला विष घालताहेत' हा भ्रम आधीच असेल तर तो खरा ठरतो. दोन, दुष्परिणाम झाला तर त्याला सांगताही येत नाही. तीन, बरं वाटल्यावर तो म्हणतो, 'बघा, औषधाशिवाय बरा झालो.'

वाट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू २९ मे २०१८ पासून. कलम ८९ प्रमाणे, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजेचा धोका असेल किंवा स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या) अर्जावर भरती करता येतं. एक सायकिॲट्रिस्ट आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. मुदत ३० दिवसांपर्यंत, आणि रुग्णाला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. बरं असताना त्याच्याकडूनच आगाऊ निर्देश लिहून घ्या: पुन्हा बिघडलं तर कुठलं औषध हवं, कुठलं नको, निर्णय कुणी घ्यायचा. आणि रोजची गोळी नको असेल तर दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, त्याबद्दल तो बरा असताना विचारा.

तारांगण

आणि बोलायचं कसं? भ्रमाशी वाद घालू नका, होकारही भरू नका. 'शेजारी कॅमेरा लावलाय' यावर 'तुला किती भीती वाटत असेल, झोप लागते का?' इथून सुरू करा. झोपेपाशी बहुतेकजण मदत घ्यायला तयार होतात. घरातली सततची टीका आणि अति-पाळत या दोन्हींनी आजार उलटतो, हे वारंवार दिसलेलं आहे.

औषधपेढी

एक धोक्याची खूण. हॅलोपेरिडॉलसारखं भ्रम-भासांवरचं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. हा औषधाचा परिणाम आहे, प्रोमेथाझिनसारख्या इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासात सुटतो. लोक मात्र घाबरून भानामती समजतात आणि मांत्रिकाकडे धावतात. मांत्रिकाने मारहाण, धुरी, साखळी असे अघोरी प्रकार केले तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. याच गटातलं ओलान्झापिन असेल तर वजन, कंबर, साखर आणि कोलेस्टेरॉल सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी तपासा. पहिल्या काही आठवड्यांतच भूक वाढते, तेव्हाच वडापाव-चहावर लक्ष ठेवावं लागतं.

गिरणगाव

मरणाचे विचार यावर कुणी लिहिलं नाही. थेट विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, बोलायला जागा मिळते. 'हो' आलं आणि कसं-कधी ठरवलेलं असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय; कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते. घरातली औषधं कुलपात, गोळ्या एका वेळी आठवड्यापुरत्याच आणा. पोलिसांच्या भीतीने लोक प्रयत्नानंतरही रुग्णालयात नेत नाहीत, ते करू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही.

घाटकोपर_पूर्व

विम्याचं?

शीव_माटुंगा

त्याच कायद्याचं कलम २१(४): शारीरिक आजाराच्याच धर्तीवर मानसिक आजाराला विमा द्यायचा. व्यवहारात भरतीचा खर्च मिळतो, ओपीडी आणि थेरपीचा बहुतेक पॉलिस्यांत नाही. अर्ज भरताना आजार लपवू नका, दावा तिथेच अडकतो.

मेघना_पार्ले

मूळ प्रश्नाकडे येते. पहिल्या भेटीला जाताना कागदावर काय लिहून न्यावं?

इंद्रधनू

कधीपासून आणि कशानंतर. झोप, किती वाजता लागते आणि कधी मोडते. काय बंद पडलंय: ऑफिस, स्वयंपाक, आंघोळ, माणसांत मिसळणं. चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसुद्धा. दारू, तंबाखू, गांजा, खरं प्रमाण. रोज भरपूर दारू असेल तर ती घरच्या घरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत भ्रम आणि फिट येऊन जिवावर बेतू शकतं. घरातल्या कुणाला असा आजार होता का आणि कुठल्या औषधाने गुण आला, हेही लिहा.

गिरणगाव

म्हाताऱ्या माणसांसाठी एक ओळ वाढवा. आजी-आजोबा दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागले, रात्री भास, दिवसा गुंगी, तर ते वेड किंवा स्मृतिभ्रंश समजून महिन्याभराची अपॉइंटमेंट घेऊ नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, नवी गोळी किंवा सोडियम उतरणं ही नेहमीची कारणं. नैराश्याची गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-चार आठवड्यांत उतारवयात सोडियम उतरू शकतं, सोबत रक्तदाबाची पाणी काढणारी गोळी असेल तर जास्तच. त्याच दिवशी फिजिशियनकडे नेऊन सोडियम, साखर आणि लघवी तपासून घ्या.